सत्तूरनं पंप फोडला

कोंबड्या कापायच्या शेडमध्ये तिला सगळे सत्तूर म्हणत. हात तसा, आणि तोंड त्याहून धारदार. बाळंतपणानंतर ती कामावर परतली त्या दिवशी पट्ट्यावर उलट्या टांगलेल्या कोंबड्या समोरून सरकत होत्या, हिची सुरी सपासप चालत होती, आणि मध्येच पान्हा फुटून छाती ओलीचिंब झाली. शेजारचा कातडी सोलणारा फिदीफिदी हसला. हिनं समोरचं मुंडकं उचलून असं भिरकावलं की त्याच्या गालावर रक्ताचा पट्टा उठला.

"हस आता! पुढचं मुंडकं तुझं!"

मुकादमानं तिला बाजूला घेतलं, म्हणजे लांबूनच बोलला. जवळ जायची त्याची काय बिशाद! मग ती मागच्या मोरीवर गेली आणि दात ओठ खात हातानं दूध पिळून टाकलं. दूध रक्तात मिसळून गटारात चाललेलं, आणि घरी पोर भुकेनं किंचाळत असणार. डब्याचं दूध पोरीला सोसत नव्हतं. पाजलं की भडाभडा ओकायची. मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती.

पोर सांभाळायला नणंद यायची. वन्संचं स्वतःचं बाळ मागच्या वर्षी गेलं होतं, जुलाब आणि उलट्यांनी, बघता बघता. त्यावर घरात कोणी ब्र काढत नसे. एक दिवस वन्संनी पिशवीतून एक पंप काढला, आपल्याच बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला. छातीला लावायची वाटी, बाटली, नळी आणि मोटरची डबी.

"माझा आहे," त्या म्हणाल्या. "वाटी, बाटली, नळी, सगळं उकळलंय, बघ. कामावर घेऊन जा. पोरीची आबाळ नको."

सत्तूरनं आयुष्यात कोणाचं काही गोड मानून घेतलं नव्हतं. पण तिचे डोळे भरून आले. लगेच तिथंच बसून तिनं पंप लावला. मोटर घरघरली, दूध बाटलीत ठिबकायला लागलं. बाई, किती हलकं वाटलं तिला! तेवढ्यात तिची नजर नळीवर गेली. एक थेंब बाटलीकडे न जाता उलटा, मोटरकडे सरकत होता. सरकला आणि डबीत शिरला.

आता शेडमध्ये एक पद्धत होती. काम संपलं की प्रत्येक मशीन शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडायचं, स्क्रू वाटीत ठेवायचे, आणि मुकादम बॅटरी मारून आत बघणार. जे मशीन उघडलं नाही ते घाणच, मग वरून कितीही चकचकीत असो. सत्तूरच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की तिनं बाटलीतलं दूध गपचूप ओतून टाकलं.

लसीच्या दिवशी तिनं दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं. सिस्टरनं सरळ सांगितलं, "काही पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो. ज्यात नसतो त्यात दूध मोटरमध्ये जातं, बुरशी धरते, आणि मोटर काही उकळता येत नाही. दुसऱ्याचा तसला पंप वापरू नका. नुसती नळी-वाटी नवी घेऊन भागत नाही. तोवर हातानं काढा, स्वच्छ भांड्यात, ते थंड ठेवा."

घरी येऊन तिनं हे नवऱ्याला सांगितलं, आणि नेमकं तेच चुकलं.

"ताईनं काळजाचा तुकडा काढून दिलाय, आणि तुला त्यात घाण दिसते?" तो ओरडला. "पोर वाळत चालली तरी तुझी मिजास जात नाही!" आणि त्यानं तिच्या कानफटात ठेवून दिली. मेल्याचा हात जड. तिचा ओठ फुटला. पण ती काय ऐकून घेणार? तिनं हाताला लागलं ते पातेलं त्याच्या कपाळावर हाणलं. टेबल उलटलं, काचेचा पेला फुटला, पोर घाबरून किंकाळ्या फोडायला लागली. शेवटी तो कपाळ दाबत दार आपटून निघून गेला.

ती फरशीवर बसली, पोरीला छातीशी धरून, ओठातलं रक्त गिळत. पोर पीत होती. पण उद्या काय? शेडमधली मोरी म्हणजे रक्ताची, त्यात स्वच्छ भांडं कुठून आणायचं? पंप समोर पडला होता. एकदा वाटलं, लावावा आणि मोकळं व्हावं. वन्संनी नाही का वापरला, रोज वापरला!

त्या विचारासरशी तिनं पुढे केलेला हात मागे घेतला.

पोर झोपल्यावर तिनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला. एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला, सवयीनं. डबीचं झाकण उचकटलं. आत पिवळं, सुकलेलं दूध कडेनं चिकटलं होतं आणि त्यावर काळी लव उगवली होती. वास असा की कोंबड्यांची आतडी उपसणाऱ्या त्या बाईला उमासा आला. वन्संचं बाळ त्यामुळेच गेलं का? कोण सांगणार! कोणीच नाही. पण वन्सं काय समजतील, ते सत्तूरला कोणी सांगायची गरज नव्हती.

जिन्यात चपला वाजल्या. वन्संच्याच.

तिनं हातोडा उचलला आणि घातला. डबीवर घातला, झाकणावर घातला, त्या काळ्या लवेवर घातला. तुकडे उडाले, एक तिच्याच गालात घुसला, तरी ती घालतच राहिली. आतलं सगळं तिनं फडक्यात रगडून कचऱ्याच्या बादलीत कोंबलं.

वन्सं दारात उभ्या होत्या. फुटका पंप पाहिला आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्या धावून आल्या, तिचे केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं. "माझ्या बाळाचं होतं ते, भवाने! माझ्या बाळाचं!"

जिच्या वाटेला मुकादमसुद्धा जात नसे, ती सत्तूर मुकाट मार खात होती. हात खाली. नवऱ्यानं पाहिलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

मारता मारता वन्सं थबकल्या. त्यांना ओट्यावरची वाटी दिसली होती. त्यात ओळीनं ठेवलेले स्क्रू होते, एकही वाकडा नाही.

"तू आधी उघडलंस," त्या म्हणाल्या. "आत काय होतं?"

सत्तूरनं ओठावरचं रक्त पुसलं. आयुष्यात तिला खोटं बोलायला कधी जमलं नव्हतं, तोंडाला येईल ते बोलायची सवय.

"काही नव्हतं, वन्सं. लख्ख होतं आत. आरशासारखं."

"मग फोडलंस कशाला?"

"मार खाल्ला होता त्याचा, तुमच्या भावाचा. राग कुठंतरी काढायचा म्हणून फोडलं. आहेच मी तसली."

वन्संनी पुन्हा हात उगारला आणि तिला मारलं, पण हुंदका आधी फुटला आणि हात मागून आला. सत्तूरनं तोही घेतला.

दुसऱ्या दिवशी वन्सं येणार नाहीत असंच तिनं धरलं होतं. पण दुपारच्या सुट्टीत मुकादमानं हाक मारली. शेडच्या फाटकाशी वन्सं उभ्या होत्या, उन्हात, पोरीला त्याच दुपट्यात गुंडाळून. तोंड दुसरीकडे.

"हात धू आधी कोपरापर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि पाज हिला. रोज आणीन."