सारख्या वजनाच्या दोन बॅगा

"बा, बंदर घरापासून जवळच आहे," मुलगी फोनवर म्हणाली. "टॅक्सीनं अर्धा तास. तुम्ही फक्त बॅग घेऊन या."

घर म्हणजे तिचं घर, मुंबईचं. दिग्रसहून तिथवर जायचं तर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्समध्ये बसावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर उतरावं लागतं. पण मी तिच्या बोलण्यात खोड काढली नाही. गेल्या उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांसाठी जहाजाची ही सहल ठरवली तेव्हाही ती हेच म्हणाली होती. विमान नको, पासपोर्ट नको, घराजवळून बसायचं, तीन रात्री समुद्रावर काढायच्या, गोव्याला टेकून परत यायचं. तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि तिची आई माझ्या शेजारी गहू निवडत बसली होती.

"समुद्र कसा रायते वो?" तिने मला विचारलं.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. समुद्र मात्र दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा किनाऱ्यावरून आणि दोन्ही वेळा तिच्याशिवाय.

"मोठा असतो," मी म्हणालो.

"ते साऱ्या गावाले माहीत हाये," ती म्हणाली आणि गव्हातला खडा अंगणात फेकला.

सहल दिवाळीनंतरची होती. माझी बायको भाद्रपदात गेली. ताप आला, यवतमाळला नेलं, चौथ्या दिवशी आम्ही तिला घेऊन परत आलो. याहून जास्त मला लिहिता येत नाही. मुलीने सहलीची तारीख पुढे ढकलून घेतली. ती आता माघात आली होती.

बॅगा मात्र भरलेल्या होत्या, श्रावणापासून. दोन्ही एकाच दिवशी दिग्रसच्या बाजारातून घेतलेल्या, एकाच मापाच्या; निळी माझी, मरून रंगाची बायकोची. प्रवासाला अडीच-तीन महिने असताना तिने त्या भरून पलंगाखाली ठेवल्या तेव्हा मी थट्टा केली होती, की जहाजाला अजून रंगसुद्धा लागला नसेल.

"तुमाले काय समजते? तांडा हालाच्या आंधी गोणी भरून ठेवा लागते."

आम्ही दोघंही लदेणीवाल्यांचे. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचं, त्याला आमच्यात लदेणी म्हणतात. पण माझ्या घरातून ते आजोबांच्या आधीच सुटलं. वडील नोकरीत होते, मी दिग्रसमध्ये पुस्तकं वाचत वाढलो. ती फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची. तिच्या आजीने लदेणीची शेवटची वर्षं पाहिली होती आणि नातींना गोणी भरायला शिकवली होती, दारात कधीच बैल उभा राहणार नाही हे माहीत असूनही. त्यामुळे आमच्या घरात बॅग भरणं हे पूर्णपणे तिचं काम होतं. भरून झालं की ती दोन्ही बॅगा घेऊन उंबऱ्यात उभी राही आणि डोळे मिटे. एक हात जड लागला की बॅगा खाली ठेवी, काहीतरी इकडचं तिकडे करी, पुन्हा उचली. बैलाच्या दोन्ही बाजूंना ओझं सारखं नसलं तर पाठ सोलून निघते, असं तिची आजी सांगायची. माझी पाठ सोलून निघणार नव्हती, हे मी तिला बऱ्याचदा सांगितलं. ती वजन करतच राही.

पस्तीस वर्षांत मी एकदाही बॅग भरली नाही. उघडलीही नाही. मुक्कामी पोचलं की ती आतून काढून हातात देई, मी घाली.

तेराव्याला तिचे कपडे वाटले गेले. कपाट रिकामं झालं. पलंगाखालच्या बॅगेबद्दल मी कोणाला बोललो नाही. एवढं एकच काम तिने पुरं करून ठेवलं होतं आणि ते अजून मोडलेलं नव्हतं. त्या चेनीच्या आत तिने ज्या घड्या घातल्या, त्या तशाच होत्या. घर झाडताना मी झाडू त्या बॅगेच्या कडेने फिरवत असे.

मग मुलीचा दुसरा फोन आला. तिने नियम वाचून दाखवले. बाहेरचं खाणं चालत नाही. धारदार वस्तू चालत नाहीत.

"आणि बा, बंदरावर कदाचित विचारतील, बॅग तुम्ही स्वतः भरली का. हो म्हणा फक्त."

"पण ती मी भरली नाही."

"बा, हो म्हणायचं. कोणी तपासायला बसलं नाही, कोणाच्या बायकोनं भरली ते."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. मग तिने जेवण झालं का ते विचारलं.

खरं तर जावं की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. वर्ष झालं नव्हतं. चार माणसं बोलतील, हे एक. दुसरं म्हणजे दोघांसाठी घेतलेल्या खोलीत एकट्याने झोपायचं, तिने एवढा ध्यास घेतलेला समुद्र एकट्याने पाहायचा, आणि येऊन सांगायचं कोणाला? पण मुलीला नाही म्हणण्याचंही बळ नव्हतं. तिने आईसाठी काहीतरी ठरवलं होतं आणि त्यातला निम्मा भाग अजून शिल्लक होता. तो निम्मा भाग म्हणजे मी. शेवटी मी एक मध्यममार्ग काढला. फक्त माझी निळी बॅग न्यायची. ती माझी, तिच्यात माझेच कपडे, उघडून एकदा पाहायचे, खाण्याचं काही असेल तर काढायचं, आणि प्रश्न आला तर निदान आत काय आहे ते माहीत असावं. मरून बॅग जिथे आहे तिथे राहील.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निळी बॅग पलंगावर ठेवली आणि चेन ओढली.

वर माझा पांढरा सदरा होता. त्याच्याखाली तिची साडी. हिरवी, नवी, दुकानाची चिठ्ठी न काढलेली. त्याखाली माझी पॅन्ट, मग पुन्हा तिची एक साडी, पोलकं, परकर, कोपऱ्यात कागदात गुंडाळलेले तिचे कॅनव्हासचे बूट. ते बूट ती घरात घालून पाहत असे आणि मला पाहून लगेच काढत असे. जवसाच्या चटणीची बरणी माझ्या मोज्यांमध्ये घट्ट बसवलेली होती.

मी खाली बसलो. मला वाटलं, शेवटी शेवटी तिचं मन ठिकाणावर नव्हतं. ताप येण्याच्या आधीपासूनच तिला काही होत होतं, ती वस्तू भलत्या जागी ठेवत होती, आणि शेजारी असून ते माझ्या ध्यानात आलं नाही. वेळीच दवाखान्यात नेलं असतं तर? हा विचार एकदा आत शिरल्यावर मला उठताच येईना.

किती वेळ गेला माहीत नाही. दारात आवाज आला. तिची धाकटी बहीण, माझी मेव्हणी, फुलसावंगीहून एसटीने आली होती. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणत असे. मुलीसाठी तिळाचे लाडू आणले होते.

"काय भावजी, जहाजवाले! दार उघडं टाकून बसून राह्यले?" मग तिने पलंगाकडे पाहिलं. "लोकं तं म्हणून राह्यले, वर्ष नाई झालं अन् मास्तर समुद्रावर चालले. मी म्हटलं, जाऊ द्या ना, तुमच्या काय पोटात दुखते? बाईनं भरलेली बॅग हाये, ती तं जाईनच."

मी तिला बॅग दाखवली. म्हणालो, तिचं डोकं तेव्हाच बिघडलं होतं, बघ. माझ्या कपड्यांत तिचे कपडे.

मेव्हणी माझ्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले.

"अवो, तुमी एवढी बुकं वाचली, अन् घरची बॅग नाई पाह्यली कधी? याडीची आई, आमची आजी, तसंच शिकवे आमाले. नवऱ्याचं अर्धं बायकोच्या गोणीत, बायकोचं अर्धं नवऱ्याच्या. घाटात एखादा बैल बिथरला, नदीत वाहून गेला, तं एकाच माणसाचं सारं नाई गेलं पायजे. दोघायचं अर्धं-अर्धं रायते. बाईनं तुमाले सांगतलं नाई?"

नव्हतं सांगितलं. पण मला पुसदचं एक लग्न आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी आमची एक बॅग एसटीतच राहिली आणि बस पुढे निघून गेली. मंडपात पोचलो तेव्हा तिच्या अंगावर चांगली साडी होती आणि माझ्या अंगावर इस्त्रीचा सदरा. "नशीब म्हणायचं," मी तिला म्हणालो होतो, "नेमकी बिनकामाचीच बॅग हरवली." ती नुसती हसली होती. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

"मग तिच्या बॅगेत माझं असेल," मी म्हणालो.

"असनच ना. अर्धं."

आता माझा मध्यममार्ग उरला नाही. मेव्हणीने वाकून मरून बॅग पलंगाखालून ओढली आणि चेनीला हात घातला. मी तिला थांबवलं. ती चहा ठेवायला आत गेली.

चेन अडकत होती. आत सगळ्यात वर तिची गरम शाल, मग माझा स्वेटर. मग तिची साडी, माझे दोन सदरे, माझी औषधांची पिशवी, तिच्या बांगड्यांचा डबा, सुपारीचा अडकित्ता. अगदी तळाला, माझ्या धुतलेल्या टॉवेलमध्ये, एक पुस्तक होतं.

ते पुस्तक मी श्रावणात घरभर शोधलं होतं. शाळेच्या ग्रंथालयाचं, निम्मं वाचून झालेलं. सापडेना तेव्हा मी तिच्यावर चिडलो. "माझ्या पुस्तकांना हात लावत जाऊ नको," असं म्हणालो. आवाज चढवूनच म्हणालो असेन, कारण ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली. मी कोणतं पुस्तक वाचतो आहे हे ती मुखपृष्ठावरून ओळखत असे. जहाजावर तीन दिवस मला वाचायला काही हवं, हे तिला माझ्याआधी सुचलं होतं. बॅग उघडून पुस्तक परत देणं तिला सहज शक्य होतं. तिने दिलं नाही. दिलं असतं तर पुन्हा वजन करावं लागलं असतं, की राग आला होता, की जहाजावर गेल्यावर माझी जिरवायची होती, ते आता कळायला मार्ग नाही. मी ज्या पानाचा कोपरा दुमडला होता तो तसाच होता.

मेव्हणी चहा घेऊन आली. तिने पुस्तक पाहिलं, मला पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"द्या, घड्या करून देतो पटकन," ती म्हणाली.

"नको. मीच भरतो. बंदरावर विचारतात."

"काय इचारतात?"

"बॅग स्वतः भरली का म्हणून."

"लय इचारतात बाप्पा जहाजवाले," ती म्हणाली. चटणीची बरणी आणि अडकित्ता तिने स्वतःच्या पिशवीत टाकला. "हे मी नेतो. त्याईच्या जेवणाले चव नसली तं मले नका सांगजा."

मग मी दोन्ही बॅगा पलंगावर पालथ्या केल्या. बायकोने भरलेलं मोडायचं तर स्वतःच्या हाताने मोडावं, असं मी ठरवलं. पहिल्यांदा साडीची घडी करायला घेतली. काठ जुळेनात. एका बाजूने जुळले की दुसरीकडे झोळ येई. मेव्हणी बघत होती.

"बुकाचं पान नोहे ते भावजी, दुमडलं की झालं."

बायकोच्या घड्या सपाट, हातभर लांब, वहीसारख्या होत्या. माझ्या फुगल्या. जे दोन बॅगांत निवांत मावलं होतं ते आता मावेना. चेनीवर गुडघा ठेवावा लागला. साड्यांना वास होता तो नवीन कापडाचा, तिचा नव्हता, कारण त्या तिने नेसल्याच नव्हत्या. पाच महिने मी जे जपलं होतं ते माझ्याच हाताने तासाभरात संपलं, आणि त्याच्या जागी माझं ओबडधोबड काम आलं. पण मी वाटणी तशीच ठेवली. माझं अर्धं तिच्या बॅगेत, तिचं अर्धं माझ्या. बूट निळ्या बॅगेत.

मुलीला फोन करून सांगितलं, दोन बॅगा आणतो आहे.

"दोन? बा, तीन दिवसांसाठी, एका माणसाला?" मग तिचा आवाज खाली आला. "आईची पण?"

"आईचं अर्धं माझ्यातही आहे," मी म्हणालो. "आल्यावर सांगतो."

मेव्हणी पाचच्या एसटीने गेली. मी उंबऱ्यात उभा राहिलो, दोन्ही बॅगा उचलल्या आणि डोळे मिटले. उजवा हात जड लागला. खाली ठेवल्या, मरून बॅगेतलं पुस्तक काढून निळीत टाकलं, पुन्हा उचलल्या. आता डावा. पुस्तक काढलं, त्याच्याऐवजी टॉवेल टाकला. समोरच्या घरातली पोरं खेळ थांबवून माझ्याकडे बघायला लागली होती. बायकोला दोन-तीन वेळांत जमायचं. मी किती वेळा उचलल्या ते सांगता येणार नाही, पण ऊन उंबऱ्यावरून उतरून अंगणात गेलं तरी मला खात्री होत नव्हती.

शेवटी पुस्तक हातातच ठेवलं. ते प्रवासात उघडायचं, दुमडलेल्या कोपऱ्यापासून.