नायक थोर कुळातला असावा

“मेंढरं मेल्यानं शोकांतिका होत नसते. बस खाली.”

मास्तर म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी बें केलं आणि मग सगळा वर्ग बें बें करत सुटला. मास्तरांनी कुणाला गप्प केलं नाही. तेही हसले. मी एकोणीस वर्षांचा घोडा, ओठावर मिसरूड फुटलेलं, सातवीच्या वर्गात उभा. मला बसायचंही सुचेना.

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीतली एक शाळा. सगळा कारभार उर्दूत, मराठीला दिवसाचा एक तास. त्या तासाला मास्तर एका राजाचं नाटक शिकवत होते. राजा एका खोट्या निरोपावर विश्वास ठेवतो, किल्ल्याचा दरवाजा उघडतो आणि सगळं गमावतो. फळ्यावर शब्द लिहिलेले होते. अंक, प्रवेश, स्वगत, शोकांतिका. नायक वाईट नसतो, म्हणाले. त्याच्या हातून एक चूक होते. त्या एका चुकीपायी सारं जातं. आणि स्वगत म्हणजे माणूस एकटाच बोलतो, शेजारच्याला ते ऐकू जात नाही.

माझ्या अंगावर काटा आला. हे तर माझ्या घरात होतं. मास्तरांनी उदाहरण मागितलं. मी उठलो आणि माझ्या बाचं सांगितलं.

आम्ही औंढ्याकडचे मेंढरंवाले. पीक निघालं की मालकाच्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीखत त्याला, धान्य आम्हाला. ज्वारी कापल्यावर कधी कधी खोडाला पुन्हा हिरवे कोंब येतात, त्याला फुटवा म्हणतात. तो कोवळा फुटवा खाल्ला की मेंढराला किराळ लागते. पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, घटकाभरात खेळ खलास. म्हणून मेंढका आधी एकटा रान फिरून येतो, मग मेंढरं सोडतो. तीन वर्षांमागं मालकानं सांगावा धाडला, रान साफ आहे, मेंढरं आण. बानं रान न बघता मेंढरं सोडली. उन्हं कलायच्या आत बावन्न मेंढरं आडवी झाली. तेव्हापासून बा उरलेली मेंढरं राखतो, नाहीतर चुलीपुढं बसून एकटाच बोलतो. आई भाकरी थापत राहते.

यावर वर्ग हसला होता.

“नायक थोर कुळातला असावा लागतो,” मास्तर म्हणाले. “राज्य गेलं की शोकांतिका. मेंढक्याचं होतं ते नुकसान. ये, लिही फळ्यावर. म्हणजे डोक्यात राहील. परीक्षेला हेच विचारणार आहे.”

मी खडू घेतला आणि लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात. सातवी पास झालो तर गावच्या शाळेत मास्तरकी मिळणार होती, आणि ती मिळाली तरच बाच्या हातची काठी सुटणार होती. पेपर हेच मास्तर तपासणार होते. काय करणार होतो मी? मागून बें बें चालूच होतं.

सुट्टीला घरी गेलो. दुपारची वेळ. बा चुलीपुढंच होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला विचारलं.

“बा, तुला तर समदं कळतं. मंग रान काहून बगितलं न्हाईस?”

त्यानं काटकीनं चुलीतली राख उकरली.

“मालकाचा सांगावा व्हता, लेकरा. म्या बगाया गेलो असतो तर मालक खोटा पडला असता.”

“मेंढरं मेल्यावर काय म्हनला मालक?”

“म्हनला, मेंढका असून तुला फुटवा कळत न्हाई व्हय?”

मला रडू आलं. बाचं तर आलंच, माझं जास्त आलं. मीही मास्तरांचा शब्द तसाच घेतला होता. खोटा आहे हे कळत असून. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून.

परीक्षेत प्रश्न आला. शोकांतिकेचा नायक कसा असतो, ते उदाहरण देऊन लिहा. हात सवयीनं चालला. ‘नायक थोर कुळातला’ एवढं लिहून झालं. टाक दौतीत बुडवला आणि थांबलो. मग ते खोडलं. खाली बाचं नाव लिहिलं, त्याच्या बापाचं नाव, गावाचं नाव. मालकाचा सांगावा लिहिला. बावन्न मेंढरं लिहिली.

नापास झालो. मास्तरांनी बोलावून पेपर पुढ्यात टाकला. उत्तरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ होती.

“पास होण्यासारखा होतास. पुढच्या वर्षी पुन्हा बैस. आणि फळ्यावरचं लिही.”

“बसतो, मास्तर. पन फळ्यावरचं लिवनार न्हाई.”

घरी येऊन बाला सांगितलं. तो उठला. कोपऱ्यातली काठी घेतली आणि उरलेली मेंढरं घेऊन रानात गेला. त्याची ती पाठमोरी चाल मला बघवली नाही. ती काठी माझ्यामुळं सुटली नाही, हे आजही सलतं.

पुढच्या वर्षी पुन्हा बसलो. प्रश्न तोच आला. मी बाचं नाव लिहिलं.