दोन गुरवार मी तोंड उघडलं न्हाई

काउन्सेलर म्याडमकडं जायच्या आधी मला कोनी काहीच सांगितलं न्हवतं, म्हनून मी हे लिहून राहिले. आठवी शिकलेली हाये, चुका व्हतील, होऊ द्या. आमच्या गल्लीतली एक नवी बाळंतीन परवा दाराआडून हळूच इचारत होती, "वहिनी, तिथं काय करतात वं? शॉक देतात का?" मी म्हनलं, न्हाई गं, खुर्चीवर बसवतात. तिला ते खरं वाटलं न्हाई. तिच्यासाठी लिहिते, आनि तिच्यासारखी जी कोनी दाराआड उभी हाये तिच्यासाठी.

माझी पोरगी तवा चार महिन्याची होती आनि हळद शिजवायचे दिस होते. आमच्या सेनगावच्या अंगाला घरोघर हळद, आनि आमी अजून जुन्या मोठ्या कढईतच शिजवतो, वावरात, खाली जाळ घालून. पोरगी कडेवर अन हातात चहाची किटली घेऊन मी मान्सांला चहा द्यायला चालले होते. कढईपाशी आले, वाफ तोंडावर आली, आनि डोक्यात आलं, हिला टाक ह्यात.

कोनी बोललं न्हाई. माझ्याच डोक्यात, माझ्याच आवाजात आलं. किटली तिथंच सुटली, मी पोरगीला छातीशी दाबून पार वावराच्या कडेला, धुऱ्यापर्यंत पळाले, माझा श्वास मला पुरंना. सगळे म्हनले साप दिसला वाटतं. मी म्हनलं व्हय, साप.

त्याच्यानंतर ते थांबलंच न्हाई. विळी बघितली की येई, हिरीवर गेलं की येई, पोरीच्या आंघोळीचं पानी तापलं की येई. मी विळी उचलून ज्वारीच्या पोत्यामागं लपवली, आत्याबाईंनी दोन दिस विळी धुंडली अन सोडून दिली. आत्याबाई म्हंजी माझी सासू. मी हिरीवर जायचं बंद केलं, हळदीकडं फिरकले न्हाई, आनि पोरीची आंघोळ त्यांच्यावर टाकली. त्यांनी शेजारनीला सांगितलं, "आमच्या सूनबाईचे हात कामाच्या नावानं गळतात, लेकरू बी जड झालंय तिला." मी ऐकलं. काय बोलनार? लेकरू जड न्हवतं झालं, मी लेकराला जड झाले होते.

हळूहळू पोरगी त्यांच्याच कुशीत निजायला लागली. मी घ्यायला गेले की रडायची. एक दिस आत्याबाई भाकरी थापता थापता म्हनल्या, "तू जा म्हायेराला, डोकं ठिकान्यावर आलं की ये. पोरगी माझ्यापाशी राहू दे." त्या सहज बोलल्या असतील. मला मात्र कळून चुकलं की माझ्या डोक्यातलं ह्यांला कळलं तर पोरगी गेली. कायमची गेली.

लेकरांच्या लसीच्या डोसाच्या दिसी गावातल्या आशाताईच्या ध्यानात आलं. सगळ्या आया लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या, आनि मी भिंतीला टेकून लांब उभी. तिनं मला काही इचारलं न्हाई, आमच्या मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, हिंगोलीत एक म्याडम हायेत, खाजगी बसतात, मनाचं बघतात, ने एकदा. मालक लई चांगले न्हाईत अन लई वाईट न्हाईत, पन ऐकलं त्यांनी. गुरवारी मोटारसायकलवर आमी सगळे निघालो, मालक, मी, मधी पोरगी घेऊन आत्याबाई. आत्याबाई काहून, तर आमच्यात बाईला दवाखान्यात नेलं की बोलतं दुसरंच कोनी. बाईनं तोंड उघडायचं ते जीभ दाखवायपुरतं.

खोली एका मेडिकलच्या वर होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पंखा, खिडकीला पडदा. सुई न्हाई, मशीन न्हाई, कॉट बी न्हाई. आत्याबाईंनी बसल्या बसल्या सुरू केलं, "हिला भूक न्हाई, झोप न्हाई, कामात चित्त न्हाई, लेकराकडं बघत न्हाई." म्याडमनी सगळं ऐकून घेतलं आनि म्हनल्या, "आजी, आता थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. मला यांच्याशी बोलायचंय."

"मी काहून बाहीर? मी काय परकी हाय?"

"परक्या नाहीत. पण इथे ज्यांचं काम आहे त्याच आत बसतात. बाळाला घेऊन बसता का बाहेर?"

"ती काय बोलनार? तिला बोलता कुठं येतं," असं म्हनत आत्याबाई उठल्या. म्याडमनी दार लावलं. लग्न होऊन तीन वर्सं झाल्ती, आनि मी लावलेल्या दाराआड कोन्या बाईसंगं एकटी पहिल्यांदाच बसले होते.

मंग त्यांनी एक कागद दिला. सही करायच्या आधी वाचा म्हनल्या. मला वाटलं हा बाळंतपनातल्यासारखा कागद असंल, काही झालं तर आमची जबाबदारी न्हाई म्हनून. बोट ठेवून ठेवून वाचला, त्यांनी घाई केली न्हाई. फीचं आधीच लिहिलं होतं, किती वेळ बसायचं ते लिहिलं होतं, आनि यायचं बंद करायचं असंल तर मी कधीबी करू शकते असं बी लिहिलं होतं. हे मी दोनदा वाचलं. बंद करनं माझ्या हातात हाये असं कोन्याच कागदावर मी तवरूक वाचलं न्हवतं. फोन नंबर लिहिला तर म्हनल्या, "हा फोन घरात कोण उचलतं?" मी म्हनलं, सगळेच. "मग मी त्यावर कामाचं काही बोलणार नाही, फक्त वेळ सांगीन." तुमाला बी इचारतील, खरं सांगा.

आता माझी चूक सांगते. आमच्या शिवारात एक अंगात येनारी बाई हाये. तिच्यापुढं बसायचा नियम असा की तुमी काही बोलायचं न्हाई. लिंबू ठेवायचं अन तोंड मिटून बसायचं, काय झालंय ते तिनंच सांगायचं. सांगितलं तर खरी, तुमालाच इचारलं तर खोटी. लहानपनापासून मी तेच बघितलेलं. म्हनून मी म्याडमची परीक्षा घेतली. पदर घट धरून गप बसले. म्हनलं, असंल दम तर वळख.

त्या बी गप बसल्या. पंखा फिरून राहिला. मी त्यांच्याकडं बघते, त्या माझ्याकडं बघतात. मधी एकदा पानी दिलं. वेळ संपला.

बाहीर आत्याबाई उभ्याच होत्या. "काय सांगितलं?"

"काही न्हाई."

"मंग फी कशाची घेतली?"

दुसऱ्या गुरवारी बी मी तोंड उघडलं न्हाई. मंग म्याडमच म्हनल्या, "तुमच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही. दिसतं असं सांगणाऱ्यातली मी नाही. तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच मला कळणार." मला आधी वाटलं, घ्या, खोटी निघाली. मंग वाटलं, जो दिसत न्हाई म्हनतो तो खोटं बोलत न्हाई, ही तर खरं बोलून राहिली. मी इचारलं, "तुमी कितवी शिकल्या?" त्यांनी सगळं सांगितलं, कुठं शिकल्या, किती वर्सं हे काम करतात, राग मानला न्हाई. तुमी बी इचारा. आपन बैल घेताना दात बघतो, मंग हितं काहून लाजायचं?

मंग त्यांनी कागदावरचंच एक परत तोंडी सांगितलं. हितलं बोलनं हितंच राहतं, सासूला न्हाई, नवऱ्याला न्हाई. "फक्त कुणाच्या जिवाला खरंच धोका आहे असं मला वाटलं, तर मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल. तेही आधी तुम्हाला सांगून."

झालं. माझं तोंड परत शिवलं गेलं. जिवाला धोका म्हंजी माझंच की. मी बोलले की ह्या दार उघडनार, आत्याबाईला सांगनार, पोरगी जानार. मी तशीच उठले, वेळ संपायच्या आधी. म्याडम म्हनल्या, "पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामी ठेवते." मला न्हवतं यायचं. पन घरी आले अन बघितलं की आत्याबाई पोरीला माझ्याकडं बोट करून दाखवतात, "ती बघ कोन आली," आनि पोरगी माझ्याकडं पाव्हन्याकडं बघावं तशी बघते. आठवडाभर ते डोळे माझ्या मागं लागले.

तिसऱ्या गुरवारी मी युक्ती केली. म्हनलं, "म्याडम, आमच्या शेजारी एक बाई हाये. तिच्या डोक्यात येतं का लेकराला कढईत टाकावं."

म्याडम हसल्या न्हाईत, दचकल्या बी न्हाईत. "असं डोक्यात आल्यावर ती बाई काय करते?"

"पळती. लेकरू घेऊन लांब पळती."

"आणखी?"

"विळी लपवती. हिरीवर जात न्हाई. लेकराला आंघोळ घालत न्हाई."

"तिला तसं करावंसं वाटतं का?"

"न्हाई वं," मी म्हनले. "त्याच्यापेक्षा तिलाच कोनी कढईत टाकावं असं तिला वाटतं." हे ऐकून म्याडमनी एक सरळच इचारलं, ती बाई सवताचा जीव द्यायचं बी मनात आनती का. मी म्हनलं न्हाई, तिला पोरगी वाढवायची हाये. अजून लई इचारलं, कानात आवाज येतात का, झोप किती, कधीपासून. मी एकेकाचं उत्तर दिलं, सगळं त्या शेजारनीचंच. मंग म्याडम म्हनल्या, "तुम्ही सांगताय त्यावरून ही भीती आहे, इच्छा नाही. बाळंतपणानंतर पुष्कळ आयांना असे विचार येतात आणि लाजेनं कुणी बोलत नाही. जी विळी लपवते ती लेकराला जपतेय."

मी इचारलं, "मंग तुमाला हे कोनाला सांगावं लागंल का?"

"नाही. याच्यासाठी नाही."

मी म्हनलं, "ती बाई मीच हाये." म्याडम म्हनल्या, "हो." त्यांला आधीच कळलं होतं, पन त्यांनी माझ्या तोंडून येऊ दिलं.

एवढ्यानं बरं झालं असं समजू नका. उलट त्या दिसापासून चार गुरवार मी रडून रडून निघाले, मोटारसायकलवर बसले की वाटायचं कशाला गेले मी. म्याडमनी एका डॉक्टरकडं बी पाठवलं, झोपेसाठी अन भीतीसाठी गोळ्या मिळाल्या. लेकरू अंगावर पितं हे आधी सांगा असं बजावून धाडलं होतं. मी म्हनलं, मला येडी ठरवून राहिल्या का? म्याडम म्हनल्या, न्हाई, तुमी थकल्यात. विचार आला की पळायचं न्हाई, तिथंच थांबायचं, असं थोडं थोडं करून शिकवलं. आधी विळी पोत्यामागून काढली. मंग भाजी चिरली, पोरगी दारात आत्याबाईपाशी असताना. अख्खी जुडी चिरली.

एका गुरवारी आत्याबाई सरळ आत शिरल्या. "दार लावून काय शिकवता हिला? आमच्या इरोधात?" म्याडम म्हनल्या, "ते सांगायचं की नाही हे त्या ठरवतील. मी नाही सांगणार." मंग आत्याबाई माझ्याकडं वळल्या, म्हनल्या, मंग तू सांग. घरी जेवताना परत तेच, "सांग काय बोलता."

"माझ्याबद्दल बोलतो."

"मंग मला सांग."

"न्हाई सांगत, आत्याबाई."

मालकाचा घास हातातच राहिला. तीन वर्सात मी त्यांला न्हाई म्हनले न्हवते. आत्याबाई म्हनल्या, "जीभ फुटली हिला." मी म्हनलं, व्हय. आनि भाकरी वाढली त्यांला.

मी अजून बी भिते, खोटं काहून सांगू. पन परवाच्या दिसी पानी तापलं अन आत्याबाई पोरीचे कपडे काढायला बसल्या, तवा मी म्हनलं, आज मी घालते आंघोळ. त्यांनी पोरगी सोडली न्हाई. मी घेतली. पोरगी रडली, मी तशीच घेऊन न्हानीत गेले अन आतून कडी लावली. पाय लांब केले, तिला पायावर घेतलं, पान्यात कोपर घालून बघितलं. आनि ते आलं डोक्यात, तेच, कढईपाशी आलं होतं तेच. मी म्हनलं आलास तर आलास, बस तिकडं. तांब्या भरला. थोडं थंड मिसळलं. पाठीवर घातलं.

बाहीरून कडी वाजली. "पानी कढत असंल, मला दे तिला. काय करून राहिली आत? दार उघड."

पोरीनं रडनं थांबवून माझ्या गळ्यातली पोत मुठीत धरली अन वढली. मी दुसरा तांब्या भरला. म्हनलं, "आत्याबाई, टॉवेल आना. झालं की मी उघडते."