यिडिशचा गृहपाठ

लंडनमधल्या एका ग्रंथालयात यिडिशचा, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या जुन्या भाषेचा, वर्ग भरतो. उजवीकडून डावीकडे जाणारी माझी अक्षरं कोलमडतात, आणि शेजारच्या सत्तरीच्या रूथबाई हसतात. काल शिक्षकांनी गृहपाठ दिला, "घरी पाच वाक्यं बोला."

रूथबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आई यिडिश बोलायची, मी मुद्दाम इंग्रजीत उत्तर द्यायचे. आता कोणाशी बोलू? मांजराशी?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही. माझी आई पुण्यात आहे, धडधाकट आहे. तिनंच मला हौसेनं इंग्रजी शाळेत घातलं. भाषा जायला माणूस जावाच लागतो असं नाही.

घरी पोचले तोच तिचा फोन आला. मराठीतच बोलायचं ठरवून मी उचलला.

"हाऊ आर यू, बाळा?"

"फाइन," मी म्हणाले.