लोंब्या काढणार नाही

पाखरांना दाणा टांगला की पाखरं येतात, आणि पाखरांमागे माणसं येतात. पाखरं खाऊन उडून जातात. माणसं मात्र काहीबाही बोलून जातात आणि ते बोलणं घरात साचत राहतं. आता घर भरलं, म्हणून सांगतो.

आमच्या दिघोरीत धान कापला की लोंब्यांची एक जुडी वेणीसारखी गुंफून चिमण्यांसाठी टांगतात. बहुतेकांच्या दारावर ती शोभेला, दिवाळीपुरती. मी घरामागच्या वाडीत टांगतो आणि बाराही महिने टांगतो. एक संपली की दुसरी. खाली मातीच्या परळात पाणी. कोणाला विचारून नाही!

*

मुलीनं तिचा जुना कॅमेरा दिला. बटणांवर सगळं इंग्रजी, आणि माझी शाळा चौथीची. ती म्हणाली, "बाबा, ऑटोवर ठेवा. बाकी कशाला हात लावू नका."

मी सगळ्याला हात लावला. महिन्याभरात मुनिया पाखराच्या पोटावरचे खवले मोजता येतील असा फोटो काढला.

शेजारचा मारोती कुंपणापलीकडून हसला. "काका, या वयात कोणाचे फोटो काढून राहिले?"

"पाखरायचे. ते तुह्यापेक्षा चूप बसतेत!"

*

आमचे रिटायर गुरुजी रोज सकाळी पक्ष्यांचं पुस्तक घेऊन वाडीत येतात. एकदा माझ्या कॅमेऱ्यात डोकावले आणि ओरडलेच, "घुबड! दिवसाढवळ्या! कुंपणावर!"

फोटो जरा हलला होता. गुरुजींनी पुस्तकातली तीन घुबडं जुळवून पाहिली. त्यातलं एक नक्की केलं. चहा घेऊन बायको आली. तिनं फोटो पाहिला.

"गुर्जी, ते माह्या बियाण्याचं वाळलेलं दोडकं हाय."

*

नागपूरचा एक फोटोग्राफर आला. हातभर लांब लेन्स. आल्याबरोबर मोबाइलवर पाखराचा आवाज लावला. मी सांगितलं, "बंद कर. माह्या घरी कोणाले खोटी हाक मारायची नाही."

त्यानं बंद केला. मग म्हणाला, "काकू, ते लुगडं दोरीवरून काढा ना. बॅकग्राउंड खराब होते."

बायको म्हणाली, "पाखराले चालते. तुमाले काहून नाही चालत?"

लुगडं वाळेपर्यंत तो बसून राहिला!

*

यंदा मारोतीनं अंगणात धान वाळत घातला आणि भांडण पेटलं. "तुमच्या लोंब्यायनं गावभरची पाखरं इकडं येतेत. माहा धान खाऊन राहिले. काढा ते!"

"नाही काढत."

तो ग्रामपंचायतीत गेला. सरपंचबाईंनी मला बोलावलं. चार माणसं खुर्च्यांवर, मी उभा. बाई म्हणाल्या, "काकाजी, शेजारधर्म पाहा. आठ दिवसांत लोंब्या काढून टाका."

मी म्हटलं, "कागदावर लिहून द्या, का पाखराले दाणा घालणं गुन्हा हाय. खाली सही करा, शिक्का मारा. लोंब्याच्या बाजूले तो कागदही टांगतो. येणारे-जाणारे वाचतील."

कोणी पेन काढला नाही. पण उठताना मारोती सर्वांसमोर बोलला, "आठ दिवसांनी मीच येतो तोडाले!"

"ये. मी तिथंच बसून राहीन."

*

बसून राहता आलं नाही. पाचव्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. मी नाही म्हटलं. बायको म्हणाली, "डोळा गेल्यावर कोणत्या पाखराचा फोटो काढसान?" गेलो. भंडाऱ्याला तीन दिवस. घराला कुलूप, पण वाडीचं फाटक काय, बांबूच्या कामट्यांची साधी तट्टी; लहान पोरही उघडेल.

परतीच्या बसमध्ये मी बोटांवर दिवस मोजले. आठवा दिवस होता.

काळा चष्मा लावून, घरात न शिरता सरळ मागे गेलो. तट्टी उघडी होती. माझ्या लोंब्या दोरीवर नव्हत्या. मारोती माझ्याच स्टुलावर चढलेला, दोरीला हात घालून.

"मारोती!"

तो वळला. बगलेत धानाची ताजी जुडी होती. माझी नव्हे, माझा धान बारीक, हा जाड.

"हे काय करून राहिला बे?"

"तुमची कालच संपली. इथं रिकामं दिसलं तशी सारी फौज माह्या अंगणात उतरली! पाहून काय राहिले, काका? स्टूल हालून राहिला, पकडा!"