नाकाच्या टोकावरचं कुंकू

आमच्या माहेरी राग लगेच काढत नाहीत, मुरवतात. त्यात माझी धाकटी बहीण जलजाक्षी सगळ्यांच्या पुढं.

मी चौथीत पाटी ठेवली. ती शिकत शिकत बेंगळुरातल्या वाऱ्याच्या बोगद्यापर्यंत पोचली. तिथं यंत्राच्या वाऱ्यात विमानांचे, अग्निबाणांचे छोटे नमुने धरून बघतात. तिच्याकडं लांबट, टोकदार नमुने होते. मला तिनं ते नळाखाली गाजर धरून समजावलं.

"अक्का, थोडं तिरकं धरलं की दोन्ही अंगांनी सारखे भोवरे सुटतात, दोन वेण्यांसारखे. फार उभं केलं की एक वेणी अंगाला चिकटून राहते, दुसरी सुटून जाते. मग गाजर एका बाजूला ओढलं जातं. कधी थरथरतं, कधी काय करील नेम नाही."

"म्हणजे तुझे भावोजी!" मी म्हटलं.

एका वर्षी तिचा एक नमुना उजवीकडं ओढत होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची आयुधपूजा झाली आणि तोच नमुना डावीकडं ओढायला लागला. विभागाचे मुख्य नरहरय्या सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वारा तोच, नमुना तोच. मग बदललं काय? बाईंच्या हातालाच वळण नाही. वाकडा बसवलाय. रांगोळी आहे का जलजम्मा, पुसून पुन्हा काढायला?"

सगळे हसले. तिच्याकडून बोगदा काढून घेतला आणि तिला सामानाच्या खोलीत बसवलं.

तो बदनाम नमुनाही तिथंच आला. ती तो पुसायला गेली तर त्याच्या नाकाच्या टोकावर कुंकू, गंधात कालवलेलं, वाळून खडा झालेलं. पूजेत यंत्रांना कुंकू लावायचा मान सरांचाच. कुठली वेणी सुटायची ते टोकावरची एवढीशी खोटही ठरवते, हे तिला ठाऊक होतं. पण देवाच्या नावानं टेकवलेल्या बोटावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येतं?

"मग जा, दाखव त्यांना!" मी म्हटलं.

"त्यांच्या खोलीत दाखवू? आत माफी मागतील, बाहेर विसरतील. माझा हात सगळ्यांदेखत वाकडा ठरला, अक्का. सरळही सगळ्यांदेखतच ठरेल."

वर्षभर ती सरांना इतक्या गोड आवाजात नमस्कार करायची की मलाच धडकी भरायची.

पुढच्या आयुधपूजेला घरच्या मंडळींनाही बोलावणं होतं. मी कोसंबरीचं, म्हणजे मूगडाळीच्या कोशिंबिरीचं, पातेलं घेऊन गेले. सरांच्याही वरचे मोठे साहेब आले होते. जलजा त्यांना म्हणाली, "साहेब, पूजेआधी एकदा आणि पूजेनंतर एकदा वारा सोडू या? तेवढंच मंगल."

साहेबांनी मान डोलावली. तिनं तोच नमुना उभट बसवला, नाक स्वच्छ पुसलं. वारा सुटला. ओढ दाखवणारा काटा उजवीकडं गेला. मग सरांनी मंत्र म्हणत अनामिकेनं टोकावर, जरा एका अंगाला, गंधकुंकू टेकवलं. आरती, नारळ, कोहळा होईपर्यंत ते वाळलं. पुन्हा वारा सोडला. काटा डावीकडं!

"आता फक्त नाक फिरवते," ती म्हणाली. टोक अर्धं फिरवलं, कुंकू पलीकडल्या अंगाला गेलं. काटा परत उजवीकडं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"सर," जलजा म्हणाली, "नमुना मी वाकडा बसवला होता की कुंकू तुम्ही लावलं होतं? तेव्हा मोठ्यानं बोलला होतात, आजही मोठ्यानं सांगा."

सरांनी साहेबांकडं बघितलं. साहेब काट्याकडं बघत होते.

"चूक... कुंकवाची होती," सर म्हणाले.

"कुंकू आपल्या पायानं आलं का?"

"माझी होती."

बोगदा तिला परत मिळाला. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून देऊन भांडणं मिटवतात. संध्याकाळी सर आमच्या दारात उभे, हातात पान. "घ्या, जलजम्मा. सोन्यासारखं राहू या."

तिनं हात पदराखाली घेतले. "नको सर. माझ्या हाताला वळण नाही. सोनं सांडेल."

सर निवृत्त झाले, दात गेले, काठी आली, तरी दर दसऱ्याला येतात. पान मी घेते, कॉफी मी देते. लोक म्हणतात, आता पुरे, म्हातारा झाला माणूस. मी तिला एकदाही तसं म्हटलेलं नाही. त्यांनी तिचं हसं केलं तेव्हा तीही तरुणच होती की.

सर पायऱ्या उतरले की आतून तिचा आवाज येतो, "गेले का, अक्का?"

"गेले."

मग ती बाहेर येते आणि त्यांच्या पेल्यात उरलेली कॉफी झाडाला घालते.