ओंजळीतली ऊब

ऐन थंडीत, गडावरच्या गुहेत आमच्या सहलीची शेकोटी पेटली आणि छतावरून एक इवलंसं वटवाघूळ खाली पडलं. दगडासारखं गार. मला कीव आली. मी ते ओंजळीत धरून शेकवलं. ते थरथरलं, उडालं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

गुहेतल्या देवीचे गुरव मात्र हळहळले. "पोरी, थंडीत किडे कुठले मिळायला? म्हणून ही वटवाघळं अंग गार करून निजतात, पावसाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. जाग आली की चरबी जळते."

"मग आता ते काय खाईल?"

गुरवांनी शेकोटीवर पाण्याची घागर ओतली.

आजही शेकोटीपुढे हात धरले की ती ओंजळ आठवते. आणि धुरातून मी वर पाहिलं तेव्हा दिसलेलं, वटवाघळांनी भरलेलं, जागं होऊन हलू लागलेलं आख्खं छत.